खेळ सोडू का, मॅडम?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



इंजिनियरिंगच्या प्रवेशाचे ऑप्शन फॉर्म भरायचे दिवस आले की आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या दारात दरवर्षी एक दृश्य हमखास दिसते. हातात प्लास्टिकची फाइल घेतलेले वडील, त्यांच्या मागे उन्हाने रापलेली एक मुलगी, आणि त्या फाइलमध्ये गुणपत्रिकेच्या खाली दडवून ठेवलेली खेळाची प्रमाणपत्रे. वडील आधी प्लेसमेंटची चौकशी करतात, मग फीची. निघताना, जिना उतरता उतरता, मुलगी हळूच मागे वळून विचारते, "मॅडम, इंजिनियरिंगला आल्यावर खेळ सोडावा लागतो का?"

मी गेली वीसेक वर्षे उपनगरातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि जोडीला जिमखान्याचे काम पाहते. विद्यार्थिदशेत मी सॉफ्टबॉल खेळले, कॅचर म्हणून. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. मी तो विचारलेला आहे आणि त्याचे उत्तरही दिलेले आहे. एकदा तर चुकीचे उत्तर दिले आहे. त्याबद्दल पुढे सांगेनच.

आधी खेळाविषयी दोन शब्द सांगते. बॅटची पिशवी खांद्याला लावून लेडीज डब्यात चढले की आजही कोणीतरी विचारते, "क्रिकेट का?" सॉफ्टबॉल म्हटले की पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे मऊ चेंडूचा खेळ?" तो चेंडू मऊ नसतो. बारा इंच घेराचा, चांगला टणक असतो. महिलांच्या सामन्यात पिचर तो ४३ फुटांवरून, हात खालून फिरवून असा फेकते की बॅट उचलायला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. नऊ खेळाडू, सात डाव आणि साठ-साठ फुटांवर बेस. १८८७ साली शिकागोत एका क्लबाच्या बंदिस्त दालनात हा खेळ सुरू झाला. आपल्याकडे जळगाव, अमरावती, पुणे या भागांत तो मुंबईपेक्षा जास्त रुजला. ऑलिंपिकमध्ये तो १९९६ ते २००८ होता, मग वगळला गेला, २०२१ साली झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत परतला, पॅरिसला पुन्हा नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजलिस स्पर्धेत पुन्हा येणार आहे. ज्या खेळाचे ऑलिंपिकमधले स्थान असे हेलकावे खाते, त्याच्या जोरावर मुलीचे आयुष्य उभे राहील अशी खात्री कोणत्याच बापाला वाटणार नाही. मला त्या वडिलांचा राग येत नाही.

आता माझी गोष्ट. १९९४ साली बारावी झाले तेव्हा आम्ही घाटकोपरला पंतनगरमध्ये राहायचो. मी शाळेपासून खेळत होते, राज्य शालेय स्पर्धेपर्यंत पोहोचले होते. कॉलेज निवडताना मात्र मी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे यादीतला क्रमांक. जे सगळ्यांत वरचे मिळाले ते घेतले. ते होते पश्चिम उपनगरात. तेव्हा मेट्रो कुठली! घाटकोपरहून अंधेरीला बेस्टची ३४० नंबरची बस, असल्फा आणि साकीनाक्याला होणारी कोंडी, आणि अंधेरीहून पुढे आणखी एक बस. जायला सव्वा तास, यायला त्याहून जास्त.

पहिल्या आठवड्यात मी जिमखान्यात चौकशी केली, "सॉफ्टबॉलची टीम कुठे सराव करते?" तिथल्या शिपायाने मला कॅरमचा बोर्ड दाखवला. त्या कॉलेजात टीमच नव्हती. बुद्धिबळ, बॅडमिंटन, टेबल टेनिस या खेळांत एकटी मुलगी कॉलेजचे नाव घेऊन आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाऊ शकते. सॉफ्टबॉलला नऊ जणी लागतात. तुम्ही कितीही चांगल्या खेळत असा, आणखी आठ जणी नसतील तर तुमचे नाव कागदावर चढतच नाही. हे प्रवेश घेताना मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही ते सुचले नव्हते.

मग मी टीम जमवली. खो-खोच्या दोघी, एक हँडबॉलची, एक भालाफेक करणारी. उरलेल्या मैत्रिणींना वडापावच्या बोलीवर उभे केले. पहिला सामना आम्ही असा हरलो की सांगायची सोय नाही. पण त्या निमित्ताने माझे नाव निवड चाचणीपर्यंत गेले आणि तिसऱ्या वर्षी मी विद्यापीठाच्या संघात आले. आंतरविद्यापीठ स्पर्धा परराज्यात होती, प्रवास धरून नऊ दिवसांची. त्याच दिवसांत आमची प्रॅक्टिकल होती. मी एका सरांकडे गेले. ते मनापासून म्हणाले, "जा तू, मी बघतो." मी निर्धास्त गेले. परत आले तोवर सर दुसरीकडे रुजू झाले होते. त्यांच्या जागी आलेल्यांकडे माझ्या रजेचा एकही कागद नव्हता. जर्नलवर सही नाही, टर्मवर्कला गैरहजर, आणि त्या विषयाची केटी. घरी मी हे तीन दिवस सांगितले नाही. चौथ्या दिवशी आईने माझी किटबॅग माळ्यावर टाकली.

त्या कॉलेजला मी दोष देत नाही. ते नियमाने वागले. चूक माझी होती. मी तोंडी शब्दावर गेले. आज मी माझ्या मुलींना स्पर्धेला सोडण्यापूर्वी तीन पत्रे तयार करते. एक प्राचार्यांच्या सहीचे, एक विभागप्रमुखांना दिल्याची पोच असलेले आणि तिसरे मुलीच्या स्वतःच्या फाइलमध्ये. इंजिनियरिंगला प्रॅक्टिकलसाठी वर्गाच्या तीन-चार बॅचेस असतात. तुमची बॅच मंगळवारची असेल आणि मंगळवारी सामना असेल, तर गुरुवारच्या बॅचबरोबर तोच प्रयोग करता येतो. फक्त ते आधी, लेखी, ठरवावे लागते. नंतर रडून काही होत नाही.

आता त्या चुकीच्या उत्तराकडे येते.

२००९ च्या सुमारास माझ्याकडे भांडुपची एक मुलगी होती. शॉर्टस्टॉपच्या जागेवर खेळायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली ही जागा. सर्वांत चपळ मुलगी तिथे ठेवतात. चेंडू तिच्या हातात येताना दिसायचा आणि गेलेला कळायचाही नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले आणि ती माझ्याकडे आली. "खेळ सोडू का, मॅडम?" मला माझी केटी आठवली, आईचा चेहरा आठवला. मी म्हटले, "बाळ, चार वर्षं बाजूला ठेव. खेळ कुठे पळून जातो?" तिने ऐकले. शहाणी मुलगी होती. फार शहाण्या मुलींना सल्ला देताना जपावे लागते, कारण त्या तो खरोखरच पाळतात.

पाच-सहा वर्षांनी ती मला मुलुंड स्टेशनच्या पुलावर भेटली. चांगल्या कंपनीत नोकरी, हातात लॅपटॉपची बॅग. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, डिग्री झाल्यावर मी ग्राउंडवर गेले होते. माझ्या जागेवर दुसरी मुलगी होती. लहान होती माझ्याहून, छान खेळत होती." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि मॅडम, खेळ सोडल्यावर माझे मार्क काही वाढले नव्हते. तो वेळ अभ्यासात गेलाच नाही. झोपेत गेला, टीव्हीत गेला." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गाडी आली, ती लेडीज डब्याकडे पळाली. मी पुलावर उभी राहिले.

श्रोतेहो, तो तिचा वाक्यार्थ मी बरेच दिवस घोळवत होते. खेळ काढून टाकला की त्याचे तास आपोआप अभ्यासाच्या खात्यात जमा होतात, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. उलट सहा वाजता मैदानावर जायचे आहे हे ठाऊक असलेली मुलगी चार वाजता लायब्ररीत बसून सबमिशन उरकते, कारण तिला रात्री शक्ती उरणार नसते. दिवसाला असलेला तो काठ काढून टाकला की दिवस पसरतो. सगळ्यांचेच असे होते असे मी म्हणणार नाही. पण मी त्या मुलीला विचारायला हवे होते, "तुझे तास नेमके जातात कुठे?" ते न विचारता मी सरळ उत्तर दिले.

म्हणून आता मी उत्तर देत नाही. कागद-पेन पुढे ठेवते आणि हिशेब मांडायला लावते. आठवड्याचे तास १६८. सात तासांची झोप धरली तर ४९ गेले. लेक्चर आणि प्रॅक्टिकलचे साधारण ३२. रोज दोन तासांचा सराव आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १०. जेवणखाण, आंघोळ, घरातली कामे यांचे रोजचे तीन, म्हणजे २१. आता प्रवास. बोरिवलीची मुलगी माटुंग्याच्या कॉलेजात जात असेल तर घरापासून वर्गापर्यंत जाऊन-येऊन अडीच तास सहज होतात. सहा दिवसांचे झाले १५. बेरीज १२७. उरले ४१ तास, म्हणजे दिवसाला जवळपास सहा. कागदावर अभ्यासाला वेळ आहे.

पण या हिशेबात एक गोष्ट डोळ्यांत भरते. सरावाला दहा तास आणि लोकलला पंधरा! उपनगरातल्या मुलीचा अभ्यास खातो तो मुख्यतः प्रवास. दोष मात्र मैदानाला लागतो, कारण प्रवास सगळेच करतात आणि खेळते ती एकटीच. हाच प्रवास रोज एका तासावर आला तर आठवड्याचे नऊ तास वाचतात. जवळजवळ पूर्ण सराव त्यात बसतो. यादीत दोन पायऱ्या खालचे पण घराजवळचे कॉलेज घ्यायचे का, या प्रश्नाकडे या हिशेबातून पाहिले तर तो वेगळा दिसतो. आज घाटकोपर-अंधेरी मेट्रो आहे, २०१४ पासून. दहिसरहून अंधेरीला यायलाही मेट्रो झाली. अंतरे तीच राहिली तरी वेळ बदलला. त्यामुळे नकाशा पाहू नका. सकाळी सातला घरातून निघून एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहा.

दुसरा हिशेब हंगामाचा. मुंबईत जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली असते. ऑक्टोबरात चिखल सुकतो, पिच आखता येते, स्पर्धा जोर धरतात. आणि नेमका तेव्हाच सबमिशनचा, प्रॅक्टिकलचा, परीक्षेचा मोसम सुरू होतो. हे दरवर्षी होते. तरी दरवर्षी मुले ऑक्टोबरात दचकतात. पावसाळ्यात मैदान बंद असते तेव्हा जर्नल पुढे नेऊन ठेवायचे, एवढी एक सवय लागली तरी अर्धे भांडण मिटते. मी माझ्या मुलींना टर्म सुरू झाली की मोठ्या कॅलेंडरवर परीक्षा लाल पेनाने आणि स्पर्धा निळ्या पेनाने लिहायला लावते. लाल आणि निळे एकाच चौकटीत आले की त्याच दिवशी अर्ज लिहायचा.

तिसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. सगळ्या डिग्र्या सारख्या अवघड नसतात. प्रत्येकीचा अवघडपणा वेगळ्या जागी असतो. वैद्यकीयला थिअरीची ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी लागते. तिथे वाटाघाटीला जागा कमी. इंजिनियरिंगला अडचण बॅचची आणि सबमिशनची, पण ती नियोजनाने सुटते. मुंबईतल्या कित्येक कॉमर्स कॉलेजांत सकाळची सत्रे असतात, दुपार मोकळी मिळते. पण सीए करायचे असेल तर ती मोकळी दुपार आर्टिकलशिप घेऊन जाते. कोणती डिग्री चांगली, हा प्रश्न मी मुलींना विचारतच नाही. मी विचारते, "उद्या तुझा खांदा निखळला आणि पुन्हा कधी बॉल फेकता आला नाही, तर चार वर्षं काय शिकायला आवडेल?" ज्या विषयाचे नाव ती न अडखळता सांगते, तो विषय घ्यावा. कारण खांदे निखळतात. माझे गुडघे चाळिशीतच बोलू लागले. सात-सात डाव उकिडवे बसण्याचा तो हिशेब आहे.

पूर्वीच्या खेळाडूंना ही काळजी थोडी कमी होती. अजित वाडेकर इंजिनियर व्हायच्या विचाराने एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. एक दिवस कॉलेजला जाताना बसमध्ये बाळू गुप्ते यांनी त्यांना कॉलेजच्या संघात बारावा खेळाडू म्हणून येतोस का, असे विचारले आणि गाडी रूळ बदलून गेली. १९७१ साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकणारा कर्णधार आपल्याला मिळाला. पण वाडेकरांच्या मागे स्टेट बँकेची नोकरी होती. त्या काळी बँका, रेल्वे, मोठ्या कंपन्या क्रिकेटपटूंना पोसत. सॉफ्टबॉलला तसा आश्रय मुंबईत कधी मिळाला नाही. आमच्या मुलीला तिची नोकरी तिची डिग्रीच देणार.

कॉलेज निवडताना छंदाचा विचार करणे म्हणजे पोरखेळ, असे मात्र समजू नका. नेमबाज अंजली भागवत, म्हणजे तेव्हाच्या वेदपाठक, यांनी दादरच्या कीर्ती कॉलेजात प्रवेश घेतला तो एनसीसीच्या ओढीने. एनसीसीतच रायफल हातात आली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. दुसरी नेमबाज हीना सिद्धू. त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि २०१४ साली पिस्तूल नेमबाजीत जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळवले. आणि आमच्या सॉफ्टबॉलमध्ये तर अमेरिकेच्या डॉट रिचर्डसन यांचे उदाहरण आहे. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्ध त्यांनी होमरन मारला आणि अमेरिकेला सुवर्णपदक मिळाले, तेव्हा त्या अस्थिशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टर होत्या. २००० सालीही त्या सुवर्णपदक विजेत्या संघात होत्या.

ही मोठी माणसे. त्यांची नावे घेऊन मुलांना हिणवू नये, असे मला वाटते. "ती डॉक्टर होऊन ऑलिंपिक खेळली, तुला केटी कशी लागते?" हे वाक्य कृपा करून कोणी घरात उच्चारू नका. अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांची जी मोठी संघटना आहे, तिच्या नियमानुसार वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंना हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सक्तीचा सराव देता येत नाही. हा नियम का करावा लागला असेल? कारण मोकळे सोडले तर प्रशिक्षक विद्यार्थ्याचा सगळा दिवस घेतील. शिवाय तिथे तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. एमआयटीसारखी संस्था त्या श्रेणीत सॉफ्टबॉल खेळते. म्हणजे तिथल्या मुली पैशासाठी खेळत नाहीत, आणि तरी वेळापत्रकात मैदानाला जागा असते. आपल्याकडे मुलीचे तास कोणी मोजत नाही, प्रशिक्षकही नाही आणि प्राध्यापकही नाही. तिचे तिलाच मोजावे लागतात.

आपल्याकडेही काही दारे उघडली आहेत, ती माहीत असावीत. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत खेळ, एनसीसी, एनएसएस यांत भाग घेणाऱ्यांना दहा गुणांची सवलत वर्षानुवर्षे चालत आली. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. आयआयटी मद्रासने २०२४ साली खेळाडूंसाठी पदवीच्या जादा जागा ठेवून प्रवेश सुरू केले, अर्थात जेईई अॅडव्हान्स्डच्या यादीत नाव असावेच लागते. आपल्या पवईच्या आयआयटीत पदवीच्या मुलांना एनसीसी, एनएसएस किंवा खेळ यांपैकी काहीतरी घ्यावेच लागते. नव्या शैक्षणिक धोरणात खेळालाही श्रेयांक मिळू लागले. पण या सवलतींवर भिस्त ठेवून विषय सोडू नये. दहा गुण पस्तिसाचे पंचेचाळीस करतील. पुस्तक न उघडलेल्या विषयाला ते पुरे पडत नाहीत. आणि प्रमाणपत्रे जपा. नोकरीच्या वेळी त्यांची सरकारी पडताळणी होते. तेव्हा स्पर्धेचे वर्ष, पातळी, सही, सगळे पाहतात. माझ्या ओळखीत एकीची प्रमाणपत्रे पावसाच्या पाण्यात भिजली आणि तिला दोन वर्षे हेलपाटे घालावे लागले.

आता शेवटची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मुलुंडची एक मुलगी वडिलांबरोबर आली. कॅचरच. तिच्यापुढे दोन पर्याय होते. एक होते पश्चिम उपनगरातले नामांकित कॉलेज, कॉम्प्युटरची शाखा. दुसरे मध्य रेल्वेच्याच मार्गावरचे, यादीत खाली, शाखा इलेक्ट्रॉनिक्स. वडिलांचा कल पहिल्याकडे होता आणि तो चुकीचा नव्हता. मी म्हटले, "दोन्ही कॉलेजं पाहून या. सकाळी प्रवेशाच्या खिडकीवर जाऊ नका. दुपारी चारला जा. मैदानावर कोण दिसतं ते बघा. कोणी खेळत असेल तर तिसऱ्या वर्षाची मुलगी गाठा आणि तिला चार गोष्टी विचारा. सरावाची वेळ काय? टीममध्ये नियमित येणाऱ्या किती जणी? क्रीडा शिक्षक पूर्णवेळ आहेत का? आणि गेल्या वर्षी स्पर्धेला गेलात तेव्हा चुकलेल्या प्रॅक्टिकलचं काय झालं?"

आठ दिवसांनी दोघे परत आले. पहिल्या कॉलेजात चारला मैदानाच्या जागी गाड्या उभ्या होत्या. दुसऱ्या कॉलेजात अकरा मुली सराव करत होत्या. आणि प्रॅक्टिकलच्या प्रश्नावर तिथल्या मुलीने सांगितले होते, "अर्ज आधी दिला तर होतं. नाही दिला तर बोंब." वडील म्हणाले, "मॅडम, हे उत्तर मला आवडलं. खोटं नव्हतं." मी मुलीला खांद्याचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "इलेक्ट्रॉनिक्स. कॉम्प्युटर बाबांना आवडतं." वडील हसले. पण त्या हसण्यात थोडी काळजी होतीच, आणि ती मला दिसली.

तिने दुसरे कॉलेज घेतले. पुढे सगळे छान झाले, असे मी सांगणार नाही. पहिल्या सेमिस्टरला गणिताची केटी लागली. टीममध्ये पहिले वर्ष ती राखीव होती. चेस्टगार्ड आणि लेगगार्ड बांधून बाकावर बसायची. वडिलांचा मला फोन आला. "आपण चुकलो का हो, मॅडम?" मी त्यांना म्हटले, तिला तास मोजायला सांगा. तिने मोजले. तेव्हा आढळले की सरावाचे तास ठरल्याप्रमाणेच होते. जास्त वेळ जात होता तो सरावानंतर कट्ट्यावरच्या गप्पांत. तो तिने कमी केला, बंद नाही केला. गणित दुसऱ्या खेपेला सुटले. यंदा ती पहिल्या नऊ जणींत आहे. पुढे काय होईल, तिला नोकरी कुठली मिळेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही. कॉम्प्युटर घेऊन दूरच्या कॉलेजात गेली असती तर पगार थोडा जास्त मिळाला असता, हेही शक्य आहे. तिने ती शक्यता डोळे उघडे ठेवून सोडली. भांडुपच्या माझ्या मुलीला तशी संधी मिळाली नाही. तिच्या वतीने मीच ठरवून टाकले होते.

तेव्हा पालकांनो, या दिवसांत ऑप्शन फॉर्म भरताना कटऑफच्या यादीशेजारी एक कोरा कागद ठेवा. त्यावर मुलीचा १६८ तासांचा आठवडा तिलाच मांडू द्या. आणि दुपारी चार वाजता, शक्य झाले तर तिच्याबरोबर, त्या कॉलेजच्या मैदानावर एक फेरी मारून या. खेळ ठेवायचा की सोडायचा हे तिथून आल्यावर तिला ठरवू द्या. सोडायचे ठरवले तरी हरकत नाही. मात्र तो निर्णय हिशेब करून घेतलेला असावा, भीतीपोटी नको.